कागदावरचं नाजूक

फॉर्मवाल्या मावशींना खऱ्या नावाने हाक मारणारं त्या इस्पितळात कुणी उरलं नव्हतं, आणि मावशींचंही त्यावाचून काही अडत नव्हतं. बावीस वर्षं त्या तळमजल्यावरच्या एकाच टेबलामागे बसत होत्या. वॉर्डातून पेशंटची फाइल खाली यायची, मावशी त्यावरून योजनेचा फॉर्म भरायच्या आणि तो फॉर्म बघून सरकार खाटेचे पैसे द्यायचं.

फाइलवर आणि फॉर्मवर तब्येतीसाठी चौकोन दोनच. एक 'स्थिर' आणि एक 'नाजूक'. तिसऱ्याला जागा पुरली नाही की छापणाऱ्याची अक्कल, कोण जाणे. 'स्थिर'वर खूण झाली की दुसऱ्या दिवसापासून पैसे बंद आणि पेशंटची घरी रवानगी. मग त्याला न्हाणीघरापर्यंत चालता येवो वा न येवो. एकदा अशाच एका एकट्या म्हातारीला धाडायची वेळ आली, तेव्हा मावशींनीच वॉर्डाच्या डॉक्टरांना हळूच सुचवलं, की आणखी दोन दिवस 'नाजूक' राहू दे, कुणाचं काय जातंय. म्हातारी दोन दिवसांनी आपल्या पायांनी घरी गेली आणि त्या दिवसापासून तो पायंडाच पडला. नर्स हसत विचारायच्या, कागदावरचं नाजूक की खरं? खऱ्यासाठी वेगळी खूण ठेवावी हे मात्र कुणालाच सुचलं नाही. खरा नाजूक माणूस बघितला की कळतोच, असं सगळ्यांना वाटायचं.

या आठवड्यात मावशींचे यजमानच छातीत कफ साठून दुसऱ्या मजल्यावर दाखल झाले. चौथ्या दिवशी सकाळी त्यांची फाइल खाली आली. खूण 'नाजूक'वर होती.

मावशींना आधी बरंच वाटलं. न सांगता डॉक्टरांनी आठवण ठेवली म्हणायची. पेन उचललं आणि मग मनात पाल चुकचुकली. न सांगता का ठेवली?

फाइल तशीच काखेत मारून त्या वर गेल्या. यजमान जन्मभर शिंपीकाम केलेले. उशीला टेकून ते खिडकीच्या पडद्याची शिवण बघत होते आणि शिवणाऱ्याचा उद्धार करत होते. एका वाक्यात दोनदा थांबले. पण ते पूर्वीही थांबायचे, पुढचा शब्द आणखी झोंबणारा शोधायला. मावशींना काही ठरवता येईना. नर्सला विचारलं तर तिने डोळा मिचकावला, तुमच्या माणसाला आम्ही इतक्यात घरी पाठवतो होय, म्हणाली. मावशींचा जीव भांड्यात पडला आणि लगेच बाहेरही आला. हीसुद्धा अंदाजच करत होती.

तेवढ्यात दूरच्या शहरातून मुलीचा फोन आला. नोकरी नवी, रजा मिळणं मुश्किल. घरात हा विनोद तिने लहानपणापासून ऐकलेला. फाइलवर 'नाजूक' आलंय म्हटल्यावर तिने लगेच विचारलं.

"आई, कागदावरचं की खरं?"

"विचारून सांगते."

"आणि किती दिवसांची रजा टाकू तेही विचार. मागच्यासारखं उगाच पळवू नकोस."

डॉक्टर जिन्यात सापडले. मावशींनी फाइल पुढे धरली. त्यांनी स्वतःच केलेली खूण निरखून बघितली.

"खरं सांगू, मावशी? सकाळी चाळीस फाइली होत्या. चौथा दिवस, म्हणजे घरी धाडायची वेळ, दिसला आणि हाताने आपोआप 'नाजूक'वर खूण केली."

मावशींना त्यांचा राग आला. मग वाटलं, या हाताला वळण लावलं कुणी? मग दोनच चौकोन छापणाऱ्यांचा राग आला. पण मग ती म्हातारी दोन पायांनी घरी गेली ते काय वाईट झालं? चूक कुणाच्या पदरात टाकावी तेच कळेना आणि त्यामुळे राग तसाच राहिला.

"चला, बघूनच सांगतो," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी यजमानांच्या पाठीवर नळी लावली. ती खाली सरकवली, आणखी खाली, आणि पुन्हा पहिल्या जागी आणली. यजमान तेवढ्यात त्यांना सांगत होते, की डॉक्टर, तुमच्या कोटाचा खांदा बोटभर सैल आहे. डॉक्टर हसले नाहीत. बोटाला चिमटा लावून त्यावरचा आकडा त्यांनी दोनदा वाचला आणि नर्सला ऑक्सिजन लावायला सांगितलं. आता ती डोळे मिचकावत नव्हती.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "मुलीला बोलावून घ्या."

"बरं," मावशी म्हणाल्या. "किती दिवसांची रजा टाकायला सांगू?"

डॉक्टरांनी फाइल मिटली.

"रजेचं तिला नंतर बघू दे, मावशी. आज निघायला सांगा."