केकवरचा बांध

केकवरचा गुलाब खरा आहे की प्लॅस्टिकचा, हे पाहायला माणसं त्यात बोट का खुपसतात हे मला आजतागायत कळलेलं नाही. पाकळीला पाकळी लावत मान मोडेपर्यंत बसावं, आणि कुणीतरी पाहुणी येऊन म्हणावं, "अगंबाई, खाण्यातलं आहे होय?" तोवर बोट आत गेलेलं असतं. दुसरी जात वरचं सगळं आयसिंग चमच्यानं खरवडून बशीच्या कडेला लावणाऱ्यांची. "खालचा भाग छान झालाय हो, वरचं तेवढं नको." वरचं तेवढंच तर मी केलेलं असायचं. खालचा भाग ओव्हन करतो.

आम्ही तेव्हा दौंडच्या रेल्वे कॉलनीत राहायचो. शेजारच्या क्वार्टरमधल्या बाई नाताळात केक करायच्या, त्यांच्याकडून मी पाच दुपारी बसून शिकले. वनस्पती तूप आणि दळलेली साखर फेटून फेटून पांढरीशुभ्र करायची, बटर पेपरचा कोन करायचा, त्यात नोझल घालायचं आणि दाबायचं. सांगायला एवढंच आहे. पण कोन किती दाबायचा आणि कुठे सोडायचा हे हाताला कळायला मला दीड वर्ष लागलं. ह्यांनी भंगारातून एक बेअरिंग आणून त्यावर लाकडी पाट बसवून दिला, म्हणजे केक फिरवता यावा. तो फिरायचा छान, फक्त थांबायचा नाही. मी एका हातानं कोन धरायची आणि गुडघ्यानं पाट अडवायची.

हा छंद म्हणजे घरात पसारा आणि मुंग्या, असं ह्यांचं मत. ते तोंडानं बोलायचे नाहीत, पण फ्रीज उघडून "दूध कुठे ठेवू मग?" असं ज्या सुरात विचारायचे, त्यात सगळं यायचं. दुधाची जागा रंगाच्या वाट्यांनी घेतलेली असायची हेही खरं.

माझं खरं अडलं होतं ते साखरेच्या फुलांवर. पुण्यात एक बाई महिन्याभराचा क्लास घ्यायच्या. साखरेची कणीक मळून, ती कागदासारखी पातळ लाटून, तारेवर एकेक पाकळी बसवून लिली करायची, ऑर्किड करायचं. एकदा त्यांच्याकडे जाऊन मी ते पाहिलं आणि माझे तुपाचे गुलाब मला कोबीच्या गड्ड्यांसारखे दिसायला लागले. मी घरी करून पाहिलं. पाकळ्या तडकायच्या, नाहीतर तारेवरून घरंगळायच्या. आठवडाभर तेच. पुस्तकात बघून येणारी ती गोष्ट नव्हती, कुणीतरी हात धरून दाखवायला हवी होती.

सकाळच्या शटलनं जायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं, महिनाभर. रेल्वेचा पास होता, त्यामुळे जाण्यायेण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न दोन मुलांचा होता, आठ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. सासूबाई महिनाभर दौंडला येऊन राहिल्या तर जमणार होतं. सासूबाईंना घरात सगळेच, हेसुद्धा, आत्या म्हणायचे. आत्या राहू गावात, शेतावरच्या घरात. आणि त्या घरातून कुणी महिनाभर हलायचं तर सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, हो म्हणायला हवं.

"तुम्ही विचारा ना आबांना," मी ह्यांना म्हटलं.

"मी विचारून काय होणार? तू करतेस काय ते त्यांना माहीतच नाही. आधी दाखव त्यांना."

हे बरं होतं. रेल्वेत नोकरी करणारा सहा फुटी माणूस वडिलांना एक वाक्य विचारू शकत नाही, म्हणून मी केक करायचा. पण मला ते पटलंही. आबांनी एकदा बघितलं की त्यांना कळेल, असं मलाही वाटलं.

एक जूनला आबांना पंच्याहत्तर वर्षं पुरी होत होती. त्या पिढीतलं निम्मं गाव एक जूनला जन्मलेलं. शाळेत नाव घालताना मास्तरांना जी तारीख सोयीची वाटली ती त्यांनी टाकली. पण त्या वर्षी थोरल्या भाऊजींनी ठरवलं की आबांची पंच्याहत्तरी करायची, भावकी जेवायला बोलवायची. जाऊबाईंनी फोनवर सांगितलं, "केक आन तू. गुलाबाची फुलं काढ."

गुलाब काढून आबांना काय कळणार होतं? मी त्यांचं शेत करायचं ठरवलं. दर सुट्टीत गावी गेले की दुपारची भाकरी शेतात न्यायचं काम माझ्याकडे असायचं, दहा वर्षं. शेत मला पाठ होतं. उभा ऊस पानाच्या नोझलनं, कडेनं शेतात जायची पाणंदीची वाट साखर जाळलेल्या तपकिरी रंगात, पाण्याच्या मोटारीची खोली बिस्किटांची, बांधावर बाभळ, बांधाशी लागून विहीर. आणि बांधाच्या पलीकडे धाकट्या चुलत सासऱ्यांच्या, आप्पांच्या, शेताची एक पट्टी. ती घेतली नसती तर बांध हा बांध वाटला नसता, केकची कड वाटली असती.

घरात माळकरी माणसं, म्हणून अंडं नाही. बिनअंड्याचा केक हा मुळात रुसक्या स्वभावाचा. माझा गोल ओव्हन छोटा, म्हणून दोन चौकोनी केक एकामागून एक भाजून जोडायचे होते. पहिला उत्तम झाला. दुसरा फुगत आला आणि लाइट गेली. लोडशेडिंगची वेळ दुपारची होती, ती त्या दिवशी सकाळची झाली, का ते विचारायचं नाही. तासाभरानं लाइट आली तेव्हा केक एका बाजूला बसला होता, वाटीएवढा खळगा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुन्हा करायला ना वेळ ना सामान.

दोन्ही केक जोडून बघितले, तर खळगा नेमका बांध जायचा तिथे. मग मी डोकं चालवलं. खळग्यातच विहीर केली, निळी जेली ओतली, कडेनं काठ बांधला. फक्त विहीर आमच्या बाजूला राहावी म्हणून बांध दोन बोटं आप्पांच्या शेतात सरकवला. स्वतःवर इतकी खूश झाले की बाभळीला पिवळी फुलंसुद्धा काढली.

जून महिना, वनस्पती तुपाचं आयसिंग आणि भाड्याची जीप. दौंड ते राहू मी तो केक मांडीवर धरून गेले. चारी बाजूंनी बर्फाच्या पिशव्या, वर चार काड्यांवर तोललेला ओला पंचा. ड्रायव्हरला "हळू" म्हटलं की तो मान डोलवायचा आणि खड्ड्यातून तसाच जायचा. ह्यांना मागून पंचा उचलून ऊस पडतोय का बघायला सांगितलं, तर ते म्हणाले, "पडला तर काय, तोडणीला आलाच आहे."

पोचलो तर आत्यांचा पहिला प्रश्न, "अंडं न्हाई ना ह्यात?" नाही म्हटलं. पाणी प्यायला दिल्यावर पुन्हा, "न्हाई ना पर?" पुढे तिसऱ्यांदा जाऊबाईंमार्फत. अंगणात मांडव होता, टेबलावर चादर घातली, मी पंचा काढला. एक-दोन ऊस कलले होते, बाकी सगळं जागेवर.

बायका बघून गेल्या, दोन बोटं उसात जाऊन आली. मग आबा आले. धोतर सावरून खुर्चीवर बसले, चष्मा पुसला आणि वाकले. न टेकवता त्यांनी बोट कडेकडेनं फिरवलं.

"ही पाणंद," ते म्हणाले. "ही मोटारीची खोली. दार बी उगवतीलाच काढलंय. व्हय गं?"

"हो आबा."

इतक्यात आप्पा मागून वाकले. "आन् हे पलीकडचं आमचं व्हय? एवढंच?"

"ती नुसती पट्टी आहे आप्पा," मी म्हटलं. "जागा पुरली नाही."

"पट्टी ऱ्हाऊ दे. बांध कुठं आलाय बघ की. हिरीपासनं बांध चार पावलं हाय. हितं धा दिसतीत."

"धा कुठली," आबा म्हणाले. "हाय तिथंच हाय."

"आबा, ही बाभळ आमच्यात हाय, आन् हिनं बांधावर दावलीय."

"बाभळ बांधावरच हाय. तुझ्यात कवा गेली?"

झालं. भावकीतली दहा-बारा माणसं टेबलाभोवती जमली. कुणी काडी घेऊन पावलं मोजायला लागला, कुणी म्हणाला मोजणीच्या वेळी दगड कुठे होता ते आठवा. मी मधे पडून सांगितलं की लाइट गेली, केक बसला, खळगा पडला, म्हणून विहिरीसाठी बांध सरकवला. एवढं खरं बोलायची काय अवदसा आठवली होती कोण जाणे. आप्पांनी ते लगेच उचललं. "ऐका. सूनबाई सोता म्हनती बांध सरकवला म्हनून." आणि मांडवभर हशा झाला. आबा हसले नाहीत.

भाऊजींनी वाद मिटवायला सुरी आणून आबांच्या हातात दिली. औक्षण झालेलंच होतं. आप्पांना अजून जोर होता. ते म्हणाले, "कापा आबा. करून टाका पोरांच्या वाटण्या."

कुणीच हसलं नाही. थोरले भाऊजी शेत करत होते, आम्ही दौंडला, आणि वाटणीचा विषय वर्षभर त्या घरात दाराआड चालला होता. आबांनी सुरी टेबलावर ठेवली.

"म्या हाय तवर ह्या जमिनीत सुरी चालायची न्हाई."

"आबा, केक आहे तो," हे म्हणाले.

"दिसतंय मला."

आणि आबा हटेनात. ऊन चढत होतं, कडेचा ऊस चमकायला लागला होता, म्हणजे तूप सुटत होतं. लहान मुलं टेबलाला चिकटून उभी. तीन दिवसांची माझी मेहनत आणि ती एका म्हाताऱ्या माणसाच्या हट्टापायी उन्हात पातळ होणार. मी रडायच्या बेतात होते, दुःखानं नव्हे, निव्वळ संतापानं. शेवटी आत्या पुढे झाल्या. केककडे एकदा बघून म्हणाल्या, "पाणंद कापा की. ती कुठं कुणाची हाय? ती सरकारी हाय."

आबांनी विचार केला आणि मान डोलावली. पंच्याहत्तर वर्षांच्या माणसानं केकची एक कड, लांब पट्टीसारखी, सरळ कापली. सगळ्या भावकीनं आणि सगळ्या पोरांनी बोटभर पाणंद खाल्ली. आत्यांनीही, चौथ्यांदा विचारून. शेत तसंच राहिलं. आबांनी ते उचलून घरात, पंख्याखाली ठेवायला लावलं.

जेवणं झाल्यावर आबा पुन्हा त्याच्यासमोर जाऊन बसले. जो येईल त्याला दाखवत होते. "ही पोर कवा शेताकडं धड बघती असं मला वाटलं न्हवतं. पर बघा. मोजणीवाल्याला जमायचं न्हाई." दहा वर्षांत आबांनी माझ्याबद्दल चांगलं असं काही म्हटलेलं मला आठवत नव्हतं. वाईटही नाही. ते बोलायचेच नाहीत. मी दारात उभी होते आणि माझे कान तापले होते.

ह्यांना हीच वेळ बरी वाटली. "आबा, हिला ह्यातलंच पुढचं शिकायला पुण्याला जायचंय. महिनाभर. आत्या दौंडला आली तर..."

आबांनी ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. खरोखर नवल वाटल्यासारखं.

"शिकायला? अजून काय ऱ्हायलंय? हिला समदं येतंय की."

"येतंय म्हंजी," भाऊजी म्हणाले, "हीच पुण्याच्या बायांना शिकवंल."

"मला येत नाही, आबा," मी म्हटलं. "ते वेगळं असतं. साखरेची फुलं."

"फुलं काढलीस की बाभळीला. पिवळी."

"ती नाही. खरंच मला येत नाही."

"बघा," आबा जमलेल्या सगळ्यांना म्हणाले, "एवढं करून वर येत न्हाई म्हनती. ह्याला म्हनत्यात गुण."

सगळे कौतुकानं माझ्याकडे बघायला लागले. जाऊबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि "लई साधी हाय ओ ही," म्हणाल्या. मी तिसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं होतं. मला येत नाही, माझ्या पाकळ्या तडकतात, मला महिनाभर द्या, एवढंच बोलायचं होतं. पण त्या घरात पहिल्यांदाच सगळी माणसं माझ्याकडे बघून हसत होती, आणि आबाही हसत होते.

मी हसले. मला सगळं येतं, याला ते हसणं त्यांनी होकार म्हणून घेतलं, त्यात त्यांची चूक नव्हती. पुढे क्लासचा विषय कुणी काढला नाही, मीसुद्धा नाही. वरचं आयसिंग खरवडणाऱ्यांचा राग मला चहाचा कप संपेपर्यंतच येतो. माझ्या त्या हसण्याचा अजून येतो.