तेरच्या टोपलीवरची चिठ्ठी

तवा येडशीच्या घरात म्या, माझे मालक, थोरली जाऊ, तिचे मालक म्हंजी आमचे थोरले भावजी, आन् एक शेळी, एवढेच होतो. भावजींवानी माणूस अख्ख्या जिल्ह्यात दुसरा झाला न्हाय.

मोठ्या लढाईच्या वक्ताला बाजारातली चिल्लरच गायब झाली. मग गावोगावच्या पेठेनं चिल्लरीच्या जागी आपापल्या गावाच्या नावाच्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या काढल्या, त्यावर मीठ-मिरची मिळायची. लढाई सरली, चिठ्ठ्यांना कुणी इचारंना, लोकांनी चुलीत घातल्या. भावजी मातर जमवायला लागले. पाव्हणे म्हणून गेले तरी पाणी प्यायच्या आधी इचारायचे, "जुनी चिठ्ठी हाय का?" रझाकाराच्या धामधुमीत आमी रामलिंगाच्या रानात पळालो, तवा लोकांनी डोक्यावर दाणं घेतलं, भावजींनी चिठ्ठ्यांचं गाठुडं. उपाशीपोटी जाऊ वराडली, "आता ह्याच शिजवा!" भावजी म्हणाले, "वल्ल्या व्हतील की."

थोरल्या दिरासंग थेट बोलायची रीत न्हवती. म्या शेळीला सांगायची, "शेळे, भाकर झाली म्हणावं." भावजीबी शेळीलाच म्हणायचे, "आलो म्हणावं." नवी चिठ्ठी घावली की पयली शेळीलाच दाखवायचे, म्हंजी म्या बघावं.

फकस्त तेर गावची चिठ्ठी मिळंना. निजाम गेला, त्याचा रुपया गेला, नवे पैसे आले, तरी मिळंना. त्यापायी भावजींचं जेवणात ध्यान नसायचं. एक डाव आमी समदे तेरच्या बाजारला गेलो. वांगी इकणाऱ्या एका म्हातारीनं रिकामी टोपली पालथी घातली. भिजल्या कागदाचा लगदा लिंपलेली टोपली, आन् बुडाला तेरची अख्खी चिठ्ठी चिकटलेली! भावजी टोपलीपुढंच खाली बसले.

"आजे, ही टोपली द्या. नवी घेऊन देतो."

"माझ्या लेकीनं लिंपलीया. ती आता न्हाय. देत नसते."

"मग निस्ती चिठ्ठी सोलून घिऊ?"

"आन् तिच्या हातच्या टोपलीला भोक पाडू व्हय रं?"

भावजी उठले. घरी येऊन शेळीला म्हणाले, "घावली ती. तिथंच बेस हाय."

मग दर बाजारला तेरला जायचे. म्हातारी वांगी वतून टोपली पालथी धरायची, "बघितली का रं?" भावजी "बघितली" म्हणायचे आन् वांगी घ्यायचे. आमाला वांग्याचा लई कट्टाळा आला, पर भावजी पोटभर जेवायला लागले.

आता भावजी न्हाईत, जाऊबी न्हाय. गाठुडं माझ्यापाशी हाय. तेरकडं कुणाच्या घरात तसली टोपली असंल, तर सोलू नका बाबांनो. निस्ती पालथी करून बघत जावा.