बिनचौकटीच्या मेंढ्या

बारामती-इंदापूर पट्ट्यात फ्रेम ठोकण्यात माझा हात धरणारा कुणी नाही! म्हणजे, नव्हता. सूनबाईनं, मनीषानं, दुकानात काचेऐवजी ॲक्रिलिक आणलं आणि चाळीस वर्षांचा कारागीर एका दुपारीत शिकाऊ झाला. माझी शाळा पाचवीपर्यंत, तीही मास्तरांना छळायला म्हणून. दुकानातला भुसा रोज झाडून टाकतो, पण किस्से कुठं झाडता येतात? ते कोपऱ्यात साचतच जातात. त्यातले हे चार-सहा.

*

ॲक्रिलिकचा पहिला माल मीच उघडला. बघतो तर सगळ्या शीट धुरकट! पुण्याच्या व्यापाऱ्याला फोनवर असा झापला की शेजारचा चहावाला गिऱ्हाईक सोडून ऐकायला आला. "बिनचौकटीची फ्रेम म्हणून आंधळा माल देता व्हय?"

मनीषा आली. नखानं कोपरा उचलला आणि वरचं पातळ प्लॅस्टिक सर्रकन ओढून काढलं. खाली शीट पाण्यासारखी नितळ. उलटी केली, मागूनही तसंच सोललं.

"आबा, तुमी केळं सालीसकट खाता का?"

*

ही फ्रेम म्हणजे दोन नितळ शीट, मध्ये चित्र, चार कोपऱ्यांना चार स्टीलचे स्क्रू. भिंतीपासून बोटभर पुढं तरंगते. लाकूड नाही, काच नाही.

निमगाव केतकीच्या एका रिटायर गुरुजींचं चित्र त्यांच्या नातवानं काढलं होतं. पण गुरुजी फ्रेम करू देईनात. आपल्याकडं माणूस चौकटीत गेला की समजायचं, हार आणायला हरकत नाही!

"गुरुजी, ह्याला चौकटच नाही. म्हणजे तुमी अजून हाय," मी म्हटलं. पटलं त्यांना.

चित्र टांगायला मीच गेलो. गुरुजी चष्मा शोधायला आत गेले, तेवढ्यात मी खिशातला झेंडूचा हार वरच्या दोन स्क्रूंना अडकवला. गुरुजी बाहेर आले आणि असे ओरडले की गल्ली गोळा झाली. मी हार काढायला हात घातला, तर चहा घेऊन आलेल्या काकू म्हणाल्या,

"ऱ्हाऊ द्या हो संध्याकाळपर्यंत. एक दिस तरी घरात शांतता!"

*

एके दिवशी कळंबहून कमळाबाई आल्या. खताच्या रिकाम्या पिशवीत बारा चित्रं. कॅलेंडरच्या पानांमागं, साध्या बॉलपेननं काढलेल्या मेंढ्या. पण काय मेंढ्या! एकीसारखी दुसरी नाही. इंदापूरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन ठरलं होतं.

मी माझी सागवानी चौकट पुढं केली. बाईंनी एका चित्रावर ठेवून पाहिली आणि बाजूला सारली.

"न्हाय आबा. मेंढरं वाघरीत कोंडल्यावानी दिसत्यात."

वाघर म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची जाळी. चाळीस वर्षांत माझ्या कामाला इतकं खरं कुणी बोललं नव्हतं!

मग ॲक्रिलिक. मी हौसेनं एक चित्र बसवून उजेडात धरलं, तर मेंढीच्या पोटात एकादशी! पानामागच्या तारखा आरपार दिसत होत्या. मनीषानं प्रत्येक पानामागं पांढरा कागद घातला, तेव्हा कुठं मेंढ्यांची पोटं साफ झाली.

"लोकांनी बघितलं तर बघू दे," निघताना कमळाबाई म्हणाल्या, "पण आमच्या ह्यांनी एकदा बघावं. कळप इकल्यापासनं मेंढराचं नाव काढत न्हाईत. चितर पुढं केलं तर उठून जात्यात. त्यांनी बघितलं न्हाय, तर मी पेन खाली ठिवणार."

सांगून टाकतो, त्या दिवशी मला चेष्टा सुचली नाही.

*

दुसऱ्या दिवशी सुचली, पण चित्रांनीच माझी केली. मी कोरड्या धोतरानं शीट पुसायला घेतली. पुसावं तितकी धूळ चिकटायची! दुकानातला बारीक भुसा उडून आला तो थेट मेंढीवर. आणखी पुसलं, भुशाचे आणखी केस. मनीषा म्हणाली, "आबा, कातरायला आल्या आता. ओल्या मऊ फडक्यानं पुसा, हलक्या हातानं."

*

बारा फ्रेमा एसटीनं इंदापूरला न्यायच्या होत्या. कंडक्टर म्हणाला, "काच न्यायला परवानगी न्हाय."

"काच? ही?" म्हणत मी एक फ्रेम भर एसटीत हातातून सोडली. धाड! कमळाबाई किंचाळल्या, ड्रायव्हरनं ब्रेक मारला. फ्रेम उचलून दाखवली: ना तडा, ना टवका! मी विजयी चेहरा केला आणि कमळाबाईंनी पाठीत असा धपाटा घातला की चष्मा पुढच्या सीटवर गेला.

कंडक्टरनं चष्मा आणून दिला. "सामान फुटत न्हाय ते समजलं. तुमचं बघा तेवढं!"

*

प्रदर्शनाच्या सकाळी कमळाबाईंचे मालक, बिरातात्या, घरून हलायला तयार नाहीत. "इकलेल्या जनावराचं त्वांड कशाला बघायचं?" एवढंच म्हणायचे. मी फोन केला.

"तात्या, तुमी नका येऊ. लोक नुसतं हसत्यात. म्हणत्यात, बाईला काळ्या मेंढीच्या कानाची खाच कुठल्या बाजूला ती बी ठावं न्हाय."

"कुठल्या कानाला काढलीया?"

"उजव्या."

फोन आपटल्याचा आवाज आला. दोन तासांत तात्या हॉलच्या दारात!

आत आले ते थेट काळ्या मेंढीपुढं. खाच बरोबर डाव्या कानालाच होती. माझ्याकडं असं पाहिलं की मी खांबामागं गेलो. पण परत फिरले नाहीत. पुढच्या चित्राशी गेले. "ही बांडी. पाटाच्या चारीत पडली हुती." त्याच्या पुढं. "हिला जुळी झाली हुती." कमळाबाई पदर तोंडाला लावून दहा पावलं मागं उभ्या. जवळ जायचा धीर होईना.

शेवटचं चित्र सगळ्यात मोठं. माळावरून निघालेला अख्खा कळप. माणूस कुठंच नाही. ते मी खिडकीसमोर टांगलं होतं. मनीषा नको म्हणत होती, उजेडानं चकाकतं, आरशासारखं समोरचं दिसतं म्हणून. तात्या त्याच्यापुढं जे थांबले ते थांबलेच.

मला कुठलं राहवतंय!

"ओ तात्या, सरका की बाजूला! मेंढरांच्या मागं तुमचं मुंडासं दिसाय लागलंय."

तात्या तसूभर हलले नाहीत.

"मग दिसू दे की. एवढी मेंढरं निघाल्यात, मागं माणूस नको व्हय?"