पाण्याची पाळी

ये सुमन, बस अशी जवळ. नर्सिंगला लागून दोन महिने झाले न्हाईत, आन् पेशंटला भाषणं देतीस म्हणं. हीच खोड माझी होती, म्हणून सांगते.

बासष्टच्या लढाईनंतर मी मिलिटरी हॉस्पिटलात सिस्टर होते, हुद्दा लेफ्टनंट. वॉर्डात भूमचा सत्तार आला, फौजेत नाईक. जखम भरलेली, पण जेवण नाही, झोप नाही, बोलणं नाही. दहा दिवसांनी मेडिकल बोर्ड. तोवर सुधारला नाही तर नोकरी जाऊन घरी. मनाच्या आजाराचे डॉक्टर मेजरसाहेब म्हणाले, "तुम्ही कळंबच्या, म्हणजे त्याच्या मुलखाच्या. रोज अर्धा तास त्याच्याजवळ बसा."

बसले. सकाळी दहा ते साडेदहा. घरच्यांचा विचार कर म्हणलं, नमाज पढ म्हणलं, मर्दासारखा राहा म्हणलं. पाच दिवस. त्यानं भिंतीकडं तोंड केलं. मी वैतागून मेजरसाहेबांकडं गेले.

"सर, हा दगड आहे."

"अर्ध्या तासात तो किती बोलतो?"

"एक शब्द नाही."

"आणि तुम्ही?"

मी डोक्यावरची टोपी सारखी करायला लागले.

"उद्यापासून थर्मामीटर तुमच्या तोंडात. ऑर्डर आहे."

दोन दिवस तशी बसले. सगळा वॉर्ड हसायचा, माझा जीव चडफडायचा. तिसऱ्या दिवशी दहा वीसला सत्तार बोलला.

"मॅडम, पाणी आणायची पाळी माझी होती. पायाला फोड आले होते. म्या आमच्या तुकडीतल्या दत्तूला म्हणलं, आज तू जा." मग भिंतीकडं बघत म्हणाला, "तोफेचा गोळा पडला. पाण्याचा कॅन तेवढा सापडला."

उपदेश जिभेवर आला होता. दात थर्मामीटरवर आवळून धरले.

"त्याची आई सोनारीत ऱ्हाती. जायाचंय, पर धीर होईना."

त्या दिवसापासून तो जेवू-झोपू लागला. बोर्डानं नोकरी राखली, सुट्टी दिली. मीही रजा काढून सोबत सोनारीला गेले.

दत्तूच्या आईनं सगळं ऐकलं. एवढंच विचारलं, "जाताना कुरकुरला का रं?"

"न्हाय. मलाच शिव्या घालत, हसत गेला."

निघताना सत्तार मुकाट उठला. दुखवट्याच्या घरातून 'येतो' म्हणत नाहीत, हे त्यालाही ठाऊक. तो उंबऱ्यापर्यंत गेल्यावर आई म्हणाली,

"येतो म्हण की."

तो उंबऱ्यावरून मागं वळला. म्हणाला, "येतो, आई."

पुढं दर सुट्टीत तो आधी सोनारीला उतरायचा, मग भूमला.

शिपाई दत्तू, सोनारीचा. मी त्याला पाहिलं नाही, पण नाव विसरत नाही.

आता ड्युटीवर जा, आन् रविवारी परत ये. पेशंट काय बोलला ते सांग. तू काय बोललीस ते नको.