माझी मिशीवाली सवत

माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंतच झाले. ऱ्हस्व-दीर्घ चुकणार हे मला ठाऊक आहे, आणि अक्षर तर ओल्या सारवणावरून कोंबडी चालत गेल्यासारखे आहे. हे कधी कोणाच्या हाती पडलेच, तर त्याने माफ करावे. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

जगात कोणाला नसेल अशी सवत मला होती. तिला झुपकेदार मिशी होती, तिच्या अंगाला ग्रीसचा वास यायचा, आणि ती मला ‘वहिनी’ म्हणायची. ही सवत म्हणजे यांचे, माझ्या नवऱ्याचे, मित्र; मी त्यांना भावजी म्हणे. जव्हारला संस्थान होते तेव्हा ते तिथल्या मोटारखान्यात ड्रायव्हर होते. संस्थान विलीन झाले, नोकरी गेली, पण डोक्यावरची खाकी टोपी काही गेली नाही. जेवताना ती मांडीवर घेऊन बसत, लहान मूल घ्यावे तशी. आमचे हे मोखाड्याच्या कचेरीत कारकून. माझ्याशी यांचे बोलणे म्हणजे ‘पाणी’, ‘छत्री’ आणि ‘येतो’. पण भावजींची टोपी कुंपणापलीकडे दिसली की यांच्या तोंडून दाभोशाचा धबधबा सुटे. मी आत चुलीपाशी बसून ऐके. इतके शब्द या माणसाजवळ आहेत, आणि ते सगळे त्या मिशीसाठी राखून ठेवलेत, हे कळून माझा जीव जळे.

भावजींना सगळे जग मोटारच दिसे. उतारावरून चालताना त्यांचे हात आपोआप पुढे येत आणि वळणावर ते तोंडाने भोंगा वाजवत. एकदा आमच्या परसातल्या न्हाणीच्या कोपऱ्यावरही त्यांनी वाजवला होता. सासूबाई दुपारी घोरू लागल्या की म्हणत, “वहिनी, म्हातारीचा सायलेन्सर फाटलाय.” मी जात्यावर बसले तर दारातून ओरडत, “खुंटा कुरकुरतोय, तेल द्या त्याला!” माझ्या जात्याची कुरकूर त्यांना ऐकू येई, माझी मात्र यांना कधी आली नाही.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. त्यांनी नेलेले भांडे कधी रिकामे परत आले नाही. आमच्याकडे तशी रीतच आहे, पण ते ती शपथेसारखी पाळत. वाटी नेली तर वाटीत करवंदे, पातेली नेली तर पातेलीत रानातली अळंबी.

मोटारखान्यातली एक जुनी, मागे उघडा हौदा असलेली गाडी त्यांनी विकत घेतली. ती पेट्रोलवर चालायची. भाडे मिळे ते पेट्रोलातच जाई. “ही गाडी नाय वहिनी, बेवडी हाय बेवडी,” ते म्हणायचे. “खोडाळ्याला जाऊन येईतो मालकालाच पिऊन टाकते.” खोडाळ्यालाच एका लाकडाच्या कंत्राटदाराची मोडकी लॉरी पडून होती. तिचे डिझेलचे इंजिन म्हातारे, पण धडधाकट होते. भावजींनी ठरवले की ते काढून आपल्या गाडीत बसवायचे. लोक हसले. म्हणाले, रेड्याचे काळीज बकरीच्या पोटात कसे मावेल? पण आमच्या यांना भावजींचे म्हणणे पटले होते.

त्या आठवड्यात हे माझ्याशी वर्षातले सर्वांत लांब वाक्य बोलले. “तुझ्या पाटल्या थोड्या दिवसांकरता सावकाराकडे ठेवल्या तर तुला चालेल का?” एवढे लांब वाक्य, आणि तेही भावजींसाठी! मी पाटल्या काढून दिल्या. नाही म्हणायलाही तोंड लागते. नंतर हळदीकुंकवाला गेले की हात पदराखाली घेऊन बसे. माझ्या माहेरचे सोने आता एका काळ्या, तेलकट धुडाच्या पोटात गेले आहे, हे कोणाला कसे सांगावे?

ते धूड बैलगाडीतून आमच्याच अंगणात आले. सागाच्या तीन वाशांची तिपाई उभी केली, साखळी अडकवली, आणि त्यांचा संसार सुरू झाला. इंजिनाचे तोंड गिअरच्या पेटीला जुळेना, म्हणून मध्ये जाड लोखंडी पत्रा कापून घातला. इंजिन उंच निघाले, झाकण बसेना, म्हणून झाकणालाच भोक पाडले. वजनाने गाडीने मान खाली घातली. “बेस दिसते,” भावजी म्हणाले, “नव्या नवरीसारखी!” दर रविवारी दुपारी गाडीखालून पायांचे दोन जोड बाहेर दिसत, आणि आतून हसणे ऐकू येई. मी ओसरीवर नागली पाखडत बसे. माझे चांगले तपेले काळे तेल गाळायला गेले, ते पुन्हा चुलीवर चढवण्याजोगे राहिले नाही.

शेवटी मुहूर्त झाला. नारळ फुटला, कुंकू लागले, भावजींनी हँडल मारले. अंगण हादरले, कोंबड्या छपरावर गेल्या, आणि इंजिन सुरू झाले! दोघे गळ्यात पडले. मग भावजींनी ऐटीत किल्ली फिरवून गाडी बंद केली. ती बंद झाली नाही. पुन्हा फिरवली. ती आणखी जोरात धडधडू लागली. पेट्रोलची गाडी किल्लीने गप्प बसते, डिझेलची बसत नाही. तिचे तेल तोडावे लागते, आणि त्यासाठीची तार जोडायची दोघेही विसरले होते. चालू कसे करायचे याचाच विचार त्यांनी तीन महिने केला होता.

“हवा कोंडा तिची! हवा!” भावजी ओरडले, आणि वळणीवरची माझी गोधडी ओढून त्यांनी इंजिनाच्या नाकाड्यावर दाबली. आईच्या लुगड्यांची गोधडी ती. इंजिनाने तिचा एक कोपरा गिळला, दोन उचक्या दिल्या आणि मान टाकली. सगळे शांत झाले. आणि त्या शांततेत हे हसू लागले. जमिनीवर बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण हे असे हसतात हे मला माहीतच नव्हते. गोधडीसाठी मी रडले असे सगळ्यांना वाटले. ते तसेच वाटू दिले.

गाडी चालली. मोखाडा ते जव्हार, बाजाराचे बोचके आणि माणसे घेऊन, भोकातून धूर सोडत चालली. दर महिन्याला भावजी हप्ता घेऊन येत, त्या काळ्या तपेल्यातून. वर आंबे नाहीतर रताळी, खाली नोटा. गोधडीचा फाटका कोपराही त्यांनी बायकोकडून शिवून आणला. टाके वेडेवाकडे होते, तरी मी ते उसवले नाहीत.

मग एका महिन्यात ते तपेले घेऊन आले आणि म्हणाले, “वहिनी, हा शेवटचा.” हे सावकाराकडे गेले आणि पाटल्या घेऊन आले. मी हातात चढवल्या. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते झाले होते. पण यांचा चेहरा उतरलेला होता, आणि भावजी टोपी हातात फिरवत होते. गाडी रोज धावू लागल्यापासून भावजींना पूर्वीसारखी सवड नव्हती, ते येत ते हप्त्यापुरतेच; आता भाड्याच्या फेऱ्या सोडून मुद्दाम यायला त्यांना कारण उरले नव्हते. घरात पुन्हा ‘पाणी’, ‘छत्री’ आणि ‘येतो’ एवढेच ऐकू येणार होते.

मी आत गेले. तपेले राखेने घासले, नागलीच्या पापडांनी काठोकाठ भरले आणि बाहेर आणून भावजींपुढे ठेवले.

“भावजी,” मी म्हटले, “तपेले मला परत हवे.”

ते गडबडले. “आणून देतो की. पण रिकामं कसं आणू?”

“मी कुठे म्हटले रिकामे आणा?”

यांनी माझ्याकडे पाहिले, पहिल्यांदाच पाहिल्यासारखे. भावजींनी टोपी चढवली, तपेले पोटाशी धरले आणि कुंपणाच्या वळणावर तोंडाने भोंगा वाजवत गेले. पाटल्या हातात होत्या. पैसे पूर्ण फिटले होते.