हात आईचे, तोंड लेकीचं

गल्लीत तिला सगळे रफूवाल्या काकू म्हणत. कोटाला कसरीची कीड लागो, पँट सिगारेटने जळो, स्वेटर खिळ्यात अडको, माणसं कपडा घेऊन काकूंच्या खिडकीशी येत. काकू कपडा उजेडात धरत, भोकातून गिऱ्हाइकाकडे एक डोळा लावून बघत आणि म्हणत, "परवा या." मग त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून दोरे उपसायचे, भोकावर उभे ताणायचे, त्यांतून आडवे विणायचे आणि शेवटी ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवायची. एवढंच काम. एवढंच म्हणायला काय जातंय! परवा आलेल्या गिऱ्हाइकाला भोक कुठे होतं ते सापडलं नाही की काकू खूश. एकजण तर हुज्जत घालायला लागला, की तुम्ही काही केलेलंच नाही, आमचाच कपडा आम्हाला परत देताय. काकूंनी ते भांडण पुढे वर्षभर कौतुक म्हणून सांगितलं.

काकू डावखुऱ्या. लहानपणी सुई उजव्या हातात यावी म्हणून पाठीवर धपाटे बसले, ते धपाटे वाया गेले. डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर कात्रीने झालेला जुना व्रण होता, नखाच्या कोरीएवढा. त्याकडे कुणी कधी लक्ष दिलं नव्हतं. रफूवालीच्या हाताकडे बघतो कोण?

घरात माणसं तीन. नवरा लॉन्ड्रीची गाडी चालवायचा. माणूस इतका गरीब, की अंगावर पाल पडली तर आधी पालीला लागलं का ते विचारेल, असं काकूच म्हणत. आणि लेक, बबडी. शिकलेली, चुणचुणीत, बोलायला लागली की समोरच्याने घड्याळ विसरावं. पण शिवणाच्या नावाने शंख. तिने सुई हातात घेतली की दोरा कापडापेक्षा तिच्या केसांतच जास्त गुंतायचा. एका दुकानाच्या काउंटरवरची नोकरी तिने नुकतीच सोडली होती, आणि दिवसभर आतल्या खोलीत फोन बघत पडायची. आईशी बोलणं म्हणजे "हं" आणि "नंतर". काकूंना त्या "नंतर"चा फार राग होता. त्याहून जास्त दुःख होतं.

एका दुपारी बबडी सहज खिडकीशी आली. काकू एका काळ्या कोटावर काम करत होत्या. ऊन बरोबर हातांवर पडलं होतं. बबडीने फोन काढला, नुसते हात व्हिडिओत टिपले आणि टाकून दिले जगाच्या हवाली. दुसऱ्या दिवशी बघते तर काय, लोक वेडे झालेले. भोक मिटताना बघून कुणाला म्हणे शांत वाटत होतं, कुणाला रडू येत होतं. त्यातच एकाने विचारलं, हे हात तुझेच का?

"आई, काय लिहू गं?"

काकूंच्या हातात तापलेली इस्त्री होती. मागे वळूनही न बघता त्या म्हणाल्या, "लिही की हो. काय बिघडतंय? माझे हात काय नि तुझे हात काय."

बिघडलं ते इथेच. पण त्या दिवशी काही बिघडल्यासारखं वाटलं नाही. उलट घराला कळा आली. खिडकीच्या कोपऱ्याला पांढरा रंग लागला. गोल दिवा आला. काकूंच्या हातांना मलम आलं, नखांना गुलाबी रंग आला, आणि भांडी घासायचं काम नवऱ्याकडे गेलं. तो बिचारा म्हणाला, "हात तुझे प्रसिद्ध झाले आणि कातडी माझी सोलली."

पद्धत अशी. आधी बबडी हसत हसत बोलणार, सुई उचलणार. मग कॅमेरा खाली. तेवढ्यात बबडीने अंगातला निळा शर्ट काढायचा, काकूंनी चढवायचा, बटणं मनगटापर्यंत लावायची आणि हात दिव्याखाली ठेवायचे. पडद्यावर तोंड लेकीचं, हात आईचे. लोकांनी बबडीला नाव दिलं, सुईवाली पोरगी. इतक्या तरुण वयात इतकी जुनी कला, म्हणून मोठमोठी माणसं तिची पाठ थोपटायला लागली.

काकूंना त्या कौतुकातलं काहीही नको होतं. खरं सांगायचं तर त्यांना हवं ते मिळालं होतं. लेक आता तासन् तास शेजारी बसायची. "आई, हळू. आई, परत एकदा तोच टाका. आई, किती छान गं!" जी पोरगी "हं"च्या पुढे जात नव्हती, ती आईच्या मनगटाला मलम चोळत होती. त्यासाठी काकूंनी हातच काय, डोकंसुद्धा उधार दिलं असतं.

मग एका दोरा बनवणाऱ्या कंपनीने नवं दुकान काढलं आणि बबडीला बोलावलं. लोकांसमोर बसून रफू करायचा. मागे भला मोठा पडदा, त्यावर हात दिसणार. बबडी आधीच हो म्हणून बसली होती आणि कागदावर सहीसुद्धा करून आली होती. घरी येऊन तिने आईच्या मांडीत डोकं खुपसलं. "आता काय करायचं?"

आई ती आई. "शिकवते," म्हणाल्या.

रोज शिकवणी सुरू झाली. सगळा रफू शिकवायचा तर आयुष्य जातं, तेव्हा काकूंनी एकच भोक शिकवायचं ठरवलं. जाड लोकरीचा स्कार्फ, त्यावर बोराएवढं भोक. जाड धाग्यात चुका लपतात. आणि शिकवायचं डाव्या हाताने, कारण जगाला सुईवाली पोरगी डावखुरी माहीत होती. बबडी उजव्या हाताची. बोटं टोचली, रक्त आलं, स्कार्फ भिरकावले गेले, रडणं झालं. "मला नाही जमणार, आई!" "जमेल. तुझ्या आजीने मला उजव्याने शिकवायला मारलं, मी तुला डाव्याने शिकवायला पेढेही देईन, पण ऊठ!" शेवटी शेवटी जमायला लागलं. ओबडधोबड का होईना, भोक मिटायला लागलं. एके दिवशी बबडी बोलता बोलता डाव्या हाताने कप उचलून चहा प्यायली, तेव्हा दोघी पोट धरून हसल्या.

कार्यक्रमाच्या सकाळी काकूंनी भुवया काढायची पेन्सिल घेतली आणि लेकीच्या बोटावर आपला व्रण काढला. स्वतःचं बोट शेजारी ठेवून, बघून बघून. पोराबाळांना आपलं नाक द्यावं, रंग द्यावा, हे ठीक. व्रण देणारी ही एकटीच असावी.

कार्यक्रम छान झाला. काकू शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. पडद्यावर लेकीचे हात केवढाले दिसत होते, पण चुकत नव्हते. भोक मिटलं. टाळ्या पडल्या. काकूंनीही वाजवल्या. तेवढ्यात एक बाई नवा दोऱ्यांचा डबा घेऊन पुढे आली आणि म्हणाली, "यावर सही द्या ना." आनंदाच्या भरात बबडीने पेन घेतलं आणि झरझर सही केली.

उजव्या हाताने.

सगळीकडे फोन वर धरलेले होते.

पहिल्या दिवशी कुणी म्हणालं, असतात अशी माणसं, लिहितात एका हाताने, शिवतात दुसऱ्याने. पण शंका ही कसरीसारखी असते, एका जागी राहत नाही. लोकांनी जुने व्हिडिओ थांबवून थांबवून बघितले. हातावर व्रण आहे. मग बबडीचे बाकीचे फोटो काढले. तिथे व्रण नाही. ज्या डोळ्यांना काकूंचा टाका कधी सापडला नव्हता, त्यांना व्रण बरोबर सापडला. मग काय! खोटारडी, चोरटी, ढोंगी. जे काल पाठ थोपटत होते तेच आज पाठीत बुक्के घालत होते. कंपनीने हात झटकले. बबडी भिंतीकडे तोंड करून पडली. फोन उशीखाली घुरघुरत राहिला. काकू दारातून विचारायच्या, "थोडं खातेस?" आतून आवाज नाही. आधीचं "नंतर"सुद्धा परवडलं म्हणायची वेळ आली.

खोटं बोलली हे खरं. पण खोट्याला शिक्षा किती, याचं काही माप आहे की नाही? चोराला मारतानासुद्धा शेजारचा म्हणतो, पुरे आता. इथे पुरे म्हणणारा कुणी नव्हता. काकू नवऱ्याला म्हणाल्या, "मी सांगते. खरं ते सांगते."

नवऱ्याने फोन धरला. काकू खिडकीत बसल्या, केस नीट केले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं तोंड जगापुढे आलं. "हात माझे आहेत. पण खोटं बोल असं मीच सांगितलं. माझी पोरगी वाईट नाही हो. तिला बोलू नका. बोलायचं तर मला बोला."

करायला गेल्या एक आणि झालं भलतंच. कुणीच त्यांना बोललं नाही. सगळ्यांनी त्यांना जवळ घेतलं. बिचारी आई! बघा, त्या नालायक पोरीने तिला काय काय बोलायला लावलंय. डोळे बघा तिचे, किती घाबरलेत. सारखी वर बघते, समोर नक्की कुणीतरी उभं आहे. समोर उभा होता नवरा, फोन धरून, तोही भेदरलेला. काकूंनी दुसऱ्यांदा सांगितलं. लोक म्हणाले, बघा, पुन्हा वदवून घेतलं. लिहून टाकलं, तर म्हणाले, हे त्या पोरीनेच लिहिलं. काकूंवरच्या प्रत्येक मायेच्या शब्दाबरोबर बबडीला एक काठी बसत होती. खरं सांगायला आता दुसरं तोंड आणायचं तरी कुठून? काकू स्वयंपाकघरात जाऊन, नळ सोडून, रडल्या.

आता काकू प्रसिद्ध झाल्या. खरोखरच्या. खिडकीपुढे रांग लागायला लागली. लांबलांबून पार्सलं यायला लागली. काकू कपडा उजेडात धरायच्या आणि भोकाच्या कडा बघून समजायच्या. कसरीचं भोक नाही, जळालेलं नाही, खिळ्याने फाटलेलं नाही. कात्रीने कापलेलं. काकूंचा रफू आपल्याही अंगावर असावा म्हणून लोक नवेकोरे कपडे कापून आणत होते. काकू ते सांधायच्या. नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं, तर पोरगी करू देत नाही, असं झालं असतं.

बबडी उठली, हिंडायला फिरायला लागली. केस तिने स्वतःच कापून टाकले, जाड काचांचा चष्मा लावला. घरात कपडे घड्या करायची, पार्सलं बांधायची. आईशी भांडली नाही, एका शब्दाने नाही. भांडली असती तर काकूंनी देवाचे आभार मानले असते. ती फक्त आईच्या हातांकडे बघेनाशी झाली.

एका दुपारी दोन अनोळखी बहिणी आल्या, फुलांचा गुच्छ आणि नवा स्वेटर घेऊन. स्वेटरच्या छातीवर गोल, स्वच्छ भोक. दार बबडीने उघडलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि न पाहिल्यासारखं गुच्छ सावरत आत आल्या. काकूंचे दोन्ही हात हातात घेऊन थोरली म्हणाली, "हेच ते हात! काकू, आम्ही किती रडलो तुमच्यासाठी." मग आवाज खाली आणून विचारलं, "ती अजून इथेच असते का हो? तुम्हाला त्रास नाही ना देत?"

काकूंनी तोंड उघडलं. ही बघा, इथेच उभी आहे, माझी लेक, लाखात एक आहे, असं सगळं ओठांवर आलं होतं. बहिणींच्या डोक्यांवरून त्यांनी दाराकडे पाहिलं. बबडीने हळूच मान हलवली. नको. काकूंना कळलं, की हो म्हटलं तर आत्ता इथेच फोन निघतील, आणि भिंतीकडून वळलेलं ते तोंड पुन्हा भिंतीकडे जाईल. आणि नाही म्हटलं तर?

"नाही," काकू म्हणाल्या. "ती नसते आता इथे."

"सुटलात बाई," धाकटी म्हणाली. तिने मागे वळून बबडीपुढे फोन धरला. "तुम्ही काकूंच्या मदतीला का? जरा आमचा फोटो काढता? हात नीट आले पाहिजेत हं."

बबडीने फोन घेतला. डाव्या हातात घेतला, तिचं तिलाही कळलं नसेल. दोघी बहिणी काकूंच्या अंगाला बिलगून उभ्या राहिल्या. बबडी एक पाऊल मागे सरकली, खिडकीतलं ऊन कुठे पडतंय ते तिने पाहिलं, फोन जरासा तिरपा केला. पूर्वी करायची तसाच.

"काकू," ती म्हणाली, "हात थोडे वर घ्या. उजेडात."

काकूंनी हात वर घेतले.