अठ्ठाविसाव्या दिवसाची फरशी

कोणतीही वस्तू हातात आली की ते ती कानाजवळ न्यायचे आणि मधल्या बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक करायचे. ओतीव लोखंड असो, नारळ असो, की प्राचार्यांचं नवंकोरं हेल्मेट. मग डोळे मिटून निकाल : "बोलते." नाहीतर, "नाही बोलून राह्यली."

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते मटेरियल्सच्या वर्कशॉपमध्ये होते. पद प्रयोगशाळा सहायकाचं. नोकरी कंत्राटी, दर मार्चअखेर माझ्या, म्हणजे विभागप्रमुखाच्या, सहीने पुढे सरकणारी. ही सही लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. राहायचे भरवेलीला, खाणकामगारांच्या वस्तीत. पोरं त्यांना काका म्हणायची. मी काहीच म्हणायचो नाही. 'अहो' म्हटलं की काम व्हायचं.

त्या वर्षी आमच्याकडे नवकल्पनांची साथ आली. तुमच्याकडेही येऊन गेली असेल. पाच-पाच पोरांच्या टीम, प्रत्येक टीमचं इंग्रजी नाव, टी-शर्ट, लोगो. काचेच्या दाराची एक खोली सजली. तिच्या भिंतीवर 'चौकटीबाहेर विचार करा' हे वाक्य चांगल्या सागवानी चौकटीत ठोकून टांगलं. समन्वयक मी. उद्घाटनाच्या दिवशी काकांनी खोलीची मधली भिंत वाजवून पाहिली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पोकळ आहे, सर."

प्लायवूडच होतं. मी हसलो नाही.

टीम कशा चालायच्या? एक जण स्लाइड बनवायचा, एक भाषण पाठ करायचा, दोघं फोटोत यायचे आणि पाचवा नागपूरहून तयार मॉडेल आणायचा. काकांना हा कारभार पटायचा नाही. त्यांचा एकच नियम : संध्याकाळी वर्कशॉपमधून निघताना हात दाखवायचे. तळवे कोरे असले की पोरगं दारातून परत आत.

"आज का केलं बे तू? मोबाइल पुसला?"

"काका, मैं टीम लीडर हूँ."

"मंग तं दोन्ही हात दाखव."

या सगळ्यात खरी टीम एकच निघाली. तिची म्होरकी प्रणाली, वारासिवनीची. तिच्या घरामागे राइस मिलच्या तुसाच्या राखेचे ढीग, इकडे मँगनीजच्या खाणीतून निघालेली टाकाऊ माती. दोन्हीत थोडं सिमेंट घालून फरशी करायची, अशी तिची कल्पना. काकांनी साचे केले, पोरांनी कोपरापर्यंत हात काळे करून मिश्रण मळलं. सोळा फरश्या झाल्या आणि हौदात भिजत पडल्या, कारण अशी फरशी पाण्यात राहूनच ताकद धरते. काकांनी हौदावर खडूने तारीख लिहिली. अठ्ठावीस दिवसांनंतरची.

स्पर्धेचे परीक्षक येणार होते बाराव्या दिवशी.

आदल्या दिवशी मी एक फरशी ताकद मोजायच्या मशीनखाली धरली. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी गेली.

"कच्ची आहे सर ते," काका म्हणाले. "पोरीले तसंच सांगू द्या ना. अठ्ठावीसले या म्हणा."

"परीक्षक भोपाळहून येतात. फरशीच्या सोयीने येत नाहीत."

"मंग फरशी त्याईच्या सोयीनं कशी पिकंन?"

त्याच संध्याकाळी मी बाजारातून त्याच मापाची, त्याच करड्या रंगाची फरशी आणली आणि सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन टेबलावर मांडली. हे आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

मशीनचा काटा पुढे पुढे गेला. "वाह, क्या मजबूती है!" परीक्षक म्हणाले. प्राचार्य फुलले. प्रणाली आधी चक्रावली, मग हसली. तिला वाटलं, रातोरात पिकली. तेवढ्यात काका चहाचे कप उचलायला आले आणि सवयीने, शपथेवर सांगतो, निव्वळ सवयीने, फरशी उचलून त्यांनी कानाशी नेली. टकटक. डोळे मिटले.

"ही आपली नाही," ते म्हणाले.

परीक्षकांनी प्राचार्यांकडे पाहिलं, प्राचार्यांनी माझ्याकडे. 'मी ठेवली', एवढे दोन शब्द पुरले असते. मी म्हणालो, "काका, तुम्ही बदलली की काय?"

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काका म्हणालो ते असं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग प्रणालीकडे. ती पांढरीफटक पडली होती. फसवणुकीचा शिक्का तिच्या टीमवर बसणार, हे त्यांना माझ्याआधी उमगलं.

"हौ," ते म्हणाले. "माह्याच हातानं झालं. पोराईले काही माहीत नाही."

पोरं सुटली. मला समन्वयाबद्दल शाल मिळाली, आखूड निघाली. मार्चअखेर काकांचा कागद टेबलावर आला. प्राचार्य म्हणाले, "देख लीजिए." मी देखलं. सही केली असती तर कुणीतरी विचारलं असतं, असल्या माणसाला परत का घेता? त्या एका प्रश्नाच्या भीतीने मी एका माणसाची नोकरी घालवली.

किल्ल्या ठेवायला आले तेव्हा त्यांनी तक्रार केली नाही. फक्त म्हणाले, "हौदातलं पाणी आटू देऊ नका, सर."

खडूच्या तारखेला प्रणालीने हौदातून फरशी काढली आणि मशीनखाली धरली. काटा बाजारच्या फरशीच्याही पुढे जाऊन थांबला. ती नाचली नाही, ओरडली नाही.

"काकाले कोण सांगंन, सर?"

"मी सांगतो," म्हणालो.

याला पाच वर्षं झाली. भरवेली इथून मोटरसायकलने पाव तासावर. हौदातली एक फरशी पिशवीत घालून मी तीनदा निघालो आहे. ते ती आधी वाजवतील, "बोलते" म्हणतील, हे मला ठाऊक आहे. मग ते माझ्याकडे पाहतील. तिन्ही वेळा मी रेल्वे फाटकापासून मागे वळलो. घरी सांगितलं, फाटक बंद होतं.

उघडं होतं.